रोशनबीचा गाळा

मुंबई, ता. ९ जानेवारी १९३४

प्रिय सगुणा,

पाकीट फोडताच "आली का आठवण शेठाणीला" म्हणाली असशील. म्हण. शाळेत एका बाकावर बसलो तेव्हापासून तुझी बोलणी खात आले आहे, आता चव बदलून काय करू?

कामाचं लिहिते. हे जाऊन दीड वर्ष झालं. मृत्युपत्रात त्यांनी एक रक्कम धर्मादायासाठी बाजूला काढली होती, ती आता हाती आली. लाकडाच्या वखारी झाल्या त्या पुढे मुंबईत. आधी आपल्या भद्रकालीच्या गल्ल्यांतून ते डोक्यावर मोळ्या घेऊन फिरत. 'मोळीवाला देवराम' म्हणत त्यांना. घेतलं बघ नाव, आता रागावणारं कोण आहे? त्यांची इच्छा अशी, की त्याच गल्ल्यांत ज्याच्या हातात कसब आहे पण भांडवल नाही, अशाचा धंदा उभा करून द्यावा. भीक म्हणून नाही, पाठीवर हात म्हणून.

फंडाचं काम यांचा भाचा सावळीराम बघतो. मी नि आणखी दोघे नातलगही विश्वस्त आहोत, पण बोलतो हाच. वकिलाकडे कारकुनी केलेली, त्यामुळे नियमांचा भारी सोस. मुख्य नियम असा, की मदत पक्क्या जागेतल्या दुकानाला. टोपली घेऊन दारोदार फिरणाऱ्याला नाही. फिरणारा आज इथं, उद्या तिथं, त्याला धरायचा कुठं, असं त्याचं म्हणणं. मलाही ते पटलं.

तर नाशकातला पहिला माणूस तू शोधून दे. इतकी वर्षं गावातल्या मुलींना शिकवते आहेस, तुला घरन् घर ठाऊक. तुझ्या 'ह्यां'ना आणि सासूबाईंना नमस्कार.

तुझी,
चिमणा

—

नाशिक, ता. २ फेब्रुवारी १९३४

शेठाणीबाई,

फंडाची बातमी मी एकीला सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या ओटीवर बाजार भरला. एकाला तमाशाचा फड काढायचा आहे. एकाला गाढवं घ्यायची आहेत, आणि गाढवांना पक्की जागा नसते हे त्याला पटेना. सासूबाई म्हणाल्या, चिमणीनं तुला काम दिलं की सूड उगवला?

मी माझंच माणूस सुचवते, वशिला आहे हे आधीच कबूल. आमच्या घरी बांगड्या भरायला येते ती रोशनबी. जातीची मणियार, नवरा जाऊन पाच-सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. हात असा, की तान्ह्या पोरीच्या मनगटात बांगडी जाते आणि पोर झोपेतून उठत नाही. भरून झालं की सासूबाईसुद्धा तिला वाकून नमस्कार करतात. ती मुसलमान आणि आम्ही सोवळ्यातल्या, हे त्या वेळी कुणाच्या मनातही येत नाही. रीतच आहे तशी. पण आता तिचे गुडघे गेलेत. आमच्या तीन पायऱ्या चढताना भिंत धरते.

दूध बाजाराजवळ एक गाळा रिकामा आहे. तिथं बसून धंदा केला तर पायांना विसावा. अडचण एकच. बांगडीवालीची घरं ठरलेली असतात. आमची आळी रोशनबीची, पलीकडची दुसरीची. सासूकडून सुनेकडे येतात. दुसरीनं त्या उंबऱ्यात टोपली टेकवायची नाही. तुमच्या नियमाप्रमाणे फिरणं सोडायचं तर ही घरं तिला जमातीच्या वडीलधाऱ्यांसमोर विडा देऊन कुणाच्या तरी पदरात घालावी लागतील. दिली की परत मागता येत नाहीत.

ती का-कू करत होती. मीच समजावलं, की बायका काय, जिथं तू तिथं येतील. तुझा होकार कळव.

सगुणा

—

मुंबई, ता. ११ फेब्रुवारी १९३४

प्रिय सगुणा,

होकार, होकार, होकार. माझ्या माहेरी बांगड्या भरायला यायची ती हिची सासूच ना? सावळीरामनं कपाळाला आठी घातली, पण नियमात बसतं म्हणून सही केली. गाळा फंडाच्या नावावर घ्यायचा, काचेचं कपाट आणि माल इथून पाठवते. वर यांच्या नावाची पाटी हवी, तेवढा माझा हट्ट. घरं मात्र रीतसर सोडायला सांग, सावळीराम विचारील.

हे गेल्यापासून सकाळी उठायला कारण नव्हतं. काल मी कपाटाची काच निवडायला तीन दुकानं हिंडले.

चिमणा

—

नाशिक, ता. २४ मार्च १९३४

प्रिय चिमणे,

पाडव्याला दुकान उघडलं. कपाटात उन्हाचा कवडसा पडला की सगळ्या गाळ्यात हिरवा-लाल उजेड होतो. पाटीही झकास दिसते. मुलींना घेऊन मी गेले होते, सगळ्यांच्या नाकाचे ठसे काचेवर.

घरं रोशनबीनं तिच्या जावेला दिली, जैतुनबीला. तिचा नवरा महेबूब दम्यानं अंथरुणाला खिळलेला, पदरात तीन पोरं. देणारी आणि घेणारी दोघीही रडल्या. विडा देताना रोशनबीनं एकेका घराचं नाव घेतलं, आणि कुठल्या सुनेचा हात कडक, कुणाला बांगडी सैल लागते, कोण भरताना डोळे मिटून घेते, हेही सांगितलं. आमच्या घराचं नाव आलं तेव्हा मला उगीचच कसंसं झालं. असो. तुझ्या मनासारखं झालं.

सगुणा

—

मुंबई, ता. १९ जुलै १९३४

सगुणा,

तुझी तीन पत्रं आली. एकात गोदेला पूर, दुसऱ्यात शाळेची तपासणी, तिसऱ्यात सासूबाईंचं लोणचं. दुकानाविषयी प्रत्येकात "ठीक चाललं आहे". लोणच्याला दीड पान आणि दुकानाला तीन शब्द, यावरून मी काय समजावं? इथं मी चार जणींना सांगून बसले आहे की आमचं नाशिकचं दुकान जोरात आहे. खरं काय ते लिही.

चिमणा

—

नाशिक, ता. ५ सप्टेंबर १९३४

प्रिय चिमणे,

खरं लिहिते. तुझं मन मोडवेना म्हणून लोणचं लिहीत बसले.

दुकान चाललं नाही. पाडव्यापासून आषाढाअखेरपर्यंत आमच्या घरांतली एकही बाई गाळ्याची पायरी चढली नाही. बाजारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, परक्या ओट्यावर बसून हात पुढे करायचा, हे कुणाला जमेना. बांगड्या भरणं म्हणजे आपल्या अंगणात, चार जणी जमवून, सुपात तांदूळ नि नारळ ठेवून करायची गोष्ट. तू आणि मी दुकानाचा विचार केला, सावळीरामनं जागेचा केला, हात पुढे करणारीचा कुणीच केला नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मीही गेले नाही. श्रावणात जैतुनबी दारात आली, मी घरीच हात पुढे केला. सासूबाईंसमोर दुसरं काही सुचलं नाही.

रोशनबी रोज काच पुसून बसायची. मी तिच्याकडे जायचं टाळायला शाळेला जायचा रस्ता बदलला होता.

मग नागपंचमीच्या आदल्या दिवशी महारवाड्यातली नवसाबाई आली. सडकेवर खडी फोडायला जाते. गाळ्याच्या पायरीपासून चार हात लांब उभी राहून म्हणाली, मावशी, लेकीचं लगीन ठरलंय, बांगड्या पायजेत. त्यांच्या वस्तीत कुठली बांगडीवाली जात नाही. गेली तर आमच्यासारखी घरं तिला उंबऱ्याबाहेर उभी करतील. बाजारातले लोक त्यांच्यासाठी बांगड्या जमिनीवर ठेवतात, त्या उचलतात आणि आपल्या आपणच चढवतात. आपल्या हातानं आपल्याला घट्ट बांगडी चढते का, तू करून बघ. निम्म्या फुटतात.

रोशनबी काही संत नाही. अजून तिला आशा होती की आमच्यातल्या बायका येतील, म्हणून तिनंही बांगड्या पायरीवर ठेवल्या आणि मागे सरली. नवसाबाईनं तिथंच बसून चढवायला घेतल्या. तिसरी फुटली आणि काच हातात रुतली. रक्त बघून रोशनबी उठली, तिचा हात धरला, काच काढली, चिंधी बांधली. नवसाबाई म्हणत होती, "सोडा मावशी, कुनी बघंल." रोशनबी म्हणाली, "बघू दे. आता धरला हाय तर भरूनच सोडते."

हे मला रोशनबीनंच सांगितलं. म्हणाली, आजवर एवढे हात धरले, पण धरलेला हात कुणी असा मागे ओढताना पहिल्यांदा पाहिला. भरून झाल्यावर नवसाबाईनं नमस्कार केला तो पायरीवर डोकं टेकवून, आणि बराच वेळ उठली नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या वस्तीतल्या सगळ्या आल्या. आता गाळ्यासमोर जागा नसते. घरात लग्न ठरलेल्या येतात, न ठरलेल्या येतात, म्हाताऱ्या नुसत्या एका बांगडीसाठी येतात. त्यांना देवळाचं दार उघडायचं की नाही यावरून गावात जे चाललं आहे ते तू वर्तमानपत्रात वाचतेसच, त्यामुळे या गर्दीवर लोकांचे डोळे आहेत. आमच्या आळीत रोशनबीचं नाव काढलं की माणसं विषय बदलतात. पण तुझं दुकान चाललं आहे, चिमणे. खरोखर चाललं आहे.

सगुणा

—

मुंबई, ता. २० सप्टेंबर १९३४

सगुणा,

तुझ्या आधी सावळीरामला नाशकाहून दोन पत्रं पोचली होती. एक यांच्या चुलत्यांचं. देवरामच्या नावाची पाटी कसल्या गर्दीवर लावली आहे ते येऊन बघा, असं लिहिलं आहे. सावळीराम म्हणतो, पाटी उतरवा आणि गाळा काढून घ्या. न ऐकलं तर तो आणि इतर दोघे राजीनामा देतील.

मला राग आला. त्यांचा आला आणि तुझाही आला. तू सहा महिने लपवलंस, आणि मी इथं मूर्खासारखी मिरवत होते.

मी चार दिवस विचार केला. मधला मार्ग असा. त्या बायकांनी दिवेलागणीनंतर यावं. त्यांच्यासाठी मागच्या बाजूला निराळी चटई घालावी. दिवसा दुकान सर्वांसाठी खुलं राहील, म्हणजे आपल्यातल्याही हळूहळू येतील. कुणाला नाही म्हणायचं नाही, आणि कुणाला दुखवायचंही नाही. सावळीराम एवढ्यावर तयार आहे. रोशनबीला समजावून सांग. तुझं ती ऐकते.

चिमणा

—

नाशिक, ता. २८ सप्टेंबर १९३४

चिमणाबाई,

ती माझं ऐकते हे खरं, म्हणून तर तिची घरं गेली.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. रागाचा भाग वगळला, चटईचा शब्दन् शब्द वाचला. ती बांगड्या सुतळीत ओवत होती, ओवतच राहिली. मग म्हणाली, "बाई, बांगड्या भरणं शुभाचं काम. दिवसाउजेडी करत्यात. अंधारात, मागल्या दारानं मी कधी कुनाला भरल्या नाय. त्यांना तसं सांगायला माझं त्वांड व्हनार नाय." एवढं बोलून तिनं शेजारच्या दुकानदाराकडून शिडी आणली, आणि ज्या गुडघ्यांना आमच्या तीन पायऱ्या झेपत नव्हत्या त्या गुडघ्यांनी वर चढून स्वतः पाटी उतरवली. पुसली. माझ्या हातात दिली. शेठांचं नाव मोठं आहे, माझ्या गिऱ्हाइकानं त्याला बट्टा लागत असेल तर तुमचं तुम्ही सांभाळा, आणखी कुणा गरिबाला द्या, असं म्हणाली. रागानं नाही. तेच मला जास्त लागलं.

कार्तिकाअखेरपर्यंतची गिऱ्हाइकं तिनं कबूल केली आहेत, त्यानंतर गाळा सोडणार. घरं परत मिळणार नाहीत. जैतुनबी बिचारी म्हणाली, निम्मी घे. पण रोशनबीला आता आमच्यातलं कुणी उंबऱ्यात घेणार नाही, आणि त्या जावेच्या पोरांच्या तोंडचा घास ती काढणार नाही. टोपली घेऊन कुठंतरी झाडाखाली बसेन म्हणते. चालता येत नाही म्हणून तिला दुकान दिलं, आणि आता ना दुकान ना घरं. आपण मदत केली नसती तर ती आज भिंत धरत का होईना, तीन पायऱ्या चढत असती.

तुझा मधला मार्ग शहाणपणाचा आहे. सगळ्यांना सांभाळणारा आहे. फक्त ज्यांनी तुझं दुकान चालवलं त्याच त्यात मागच्या दारी उभ्या राहतात.

परवा मी शाळा सुटल्यावर गाळ्यात गेले, त्या सगळ्यांच्यात बसले आणि हात पुढे केला. फार उशिरा केला हे मला ठाऊक आहे. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, पाणी वेगळं ठेवलं आहे. आमचे 'हे' म्हणतात, होईल सगळं शांत. बघू.

पाटी माझ्याकडे आहे. कुठं पाठवू ते कळव.

सगुणा

—

मुंबई, ता. १८ नोव्हेंबर १९३४

प्रिय सगुणा,

दीड महिना मी उत्तर लिहिलं नाही. तीनदा लिहिलं आणि फाडलं. एकात तुला चांगली खडसावली होती, ते पत्र फार छान जमलं होतं.

मी नाशकाला येऊन गेले. भाऊबीज झाल्यावर, पहाटेच्या गाडीनं. तुला कळवलं नाही, माहेरीही गेले नाही. कळवलं असतं तर तू बरोबर आली असतीस, आणि मग मी तुझ्या देखत शेठाणी झाले असते. साधं लुगडं नेसले होते, टांग्यानं दूध बाजारापाशी उतरले. पाटी नाही म्हणून गाळा सापडेना. मग बायका दिसल्या.

मी ठरवून गेले होते की रोशनबीला सांगायचं, मी कोण, माझी अडचण काय, सावळीराम काय म्हणतो, नात्यात पुतण्याचं लग्न तोंडावर आलं आहे. गाडीत सगळं जुळवलं होतं. पण पुढे बायका होत्या म्हणून मी मागे बसले. कुणी विचारलं नाही, कोण कुठली. एक म्हातारी सरकली आणि तिनं मला जागा दिली. माझ्या लुगड्याला तिचं लुगडं लागू नये म्हणून पदर आवरून घेतला तिनं, आणि मलाच शरम वाटली. मी तिचा पदर धरून तिथंच राहू दिला.

बोलावं म्हणून मी थांबले होते, तोच माझी पाळी आली. रोशनबीची मान खाली होती. सवयीनं तिनं माझा हात ओढून घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी दाबून माप बघायला लागली. मग तिला माझं मोकळं मनगट दिसलं. वर बघितलं, कपाळ दिसलं. मी हात काढून घ्यायला लागले. हे गेल्या दिवशी माझ्या बांगड्या वाढवल्या, त्यानंतर माझा हात कुणी हातात घेतला नव्हता, सगुणा. हळदीकुंकवाला मी बाहेरच्या खोलीत बसते. भाची न्हाऊनमाखून आली की तिची आई तिला माझ्यासमोरून लांबून नेते. मला कुणी वाईट बोलत नाही, सगळ्या फार जपतात. निराळी चटई घालतात, एवढंच. तुला ते सुचवलं तेव्हा मी त्याच चटईवर बसले होते, आणि मला ते कळलं नव्हतं.

माझं दुःख त्या बायकांच्याएवढं नाही. मला संध्याकाळी वखारीचा हिशोब येतो, मोटार आहे, लोक उठून उभे राहतात. एवढी अक्कल मला आहे. पण हात मागे घेणं मला ओळखीचं होतं.

रोशनबीनं तो सोडला नाही. म्हणाली, "राहू द्या आक्का. भरायच्या नसतील तर नसतील. हात लय गार पडलाय." आणि प्रत्येकीचा चोळते तसाच तो चोळत राहिली, ऊब येईपर्यंत, पुढे रांग असताना. मी रडले. पंधरा बायकांच्या देखत, बाजारात, भर दुपारी. रोशनबीनं पुढच्या बाईला सांगितलं, जरा थांब गं, आक्काचं व्हऊ दे.

गाडीत जुळवलेलं मी काहीही बोलले नाही.

परत आल्यावर सावळीरामला सांगितलं, गाळा राहील, दिवसाउजेडी राहील, जी येईल ती पुढच्या दारानं येईल. त्यानं राजीनामा दिला, दोघांना बरोबर नेलं, आणि पुतण्याच्या लग्नाचं आमंत्रण अजून आलेलं नाही. येणार नाही. आता फंडाची विश्वस्त म्हणून मी एकटी उरले आहे, सावळीरामच्या जागी तू ये. नियम पुन्हा लिहायचे आहेत. फिरणाऱ्याला मदत नाही, हा पहिला खोडायचा. जैतुनबीच्या नवऱ्याच्या औषधाचंही बघ. गाळा रोशनबीच्या स्वतःच्या नावावर करायचे कागद सोबत आहेत; तिनं तो सोडायच्या आत जाऊन दे. पाटी लावायची की नाही ते तीच ठरवील. नको म्हणाली तर तुझ्या चुलीत घाल, लाकूड चांगलं आहे, यांच्याच वखारीतलं.

मी आता दर महिन्याला येईन. तू सासूबाईंशी भांडू नकोस, मी येऊन भांडते.

एक मात्र कर. त्या दिवशीची बाई मी होते, हे रोशनबीला कधी सांगू नकोस. कळलं तर ती उठून उभी राहील, मला बसायला पाट देईल, आणि पुन्हा माझा हात धरणार नाही.

तुझी,
चिमणा